तळाची पाळी

अक्का, कावळा लगेच शिवला.

पिंड ठेवून आपले दीर बापू मागं सरकतात न सरकतात तोच तो आला आणि भाताच्या गोळ्यात चोच खुपसून मोकळा झाला. नांदेडला गोदावरीच्या घाटावर आमच्या शेजारी दुसऱ्या कुणाचं तरी दहावं चाललं होतं. ती माणसं बिचारी कधीची ताटकळली होती, हात जोडून काय काय कबूल करत होती. आणि आमच्याकडं हा असा झटपट कारभार. बापूंनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. वहिनीची कायबी इच्छा राह्यली न्हवती. समाधानानं गेली."

मी मागं बायकांत उभी होते. माझं असं टाळकं सरकलं म्हणून सांगू! चैताचं ऊन, घाटावर सावलीचा पत्ता नाही, त्या कावळ्यानं सकाळपासून काय खाल्लं असेल देव जाणे. त्याला भूक लागली होती, बस्स. आणि बापूंना तुमची इच्छा माहीत नव्हती असंही नाही. पक्की माहीत होती, म्हणून तर त्या कावळ्याचा एवढा आनंद झाला. पायऱ्या चढता चढताच ते ह्यांना, म्हणजे आमच्या मालकांना, म्हणाले, "तेराव्याला विहिरीचं बी मिटवून टाकू. दोन वाटे करू पाण्याचे."

दोन वाटे! वावरं तीन, विहीर एक आणि वाटे दोन. तिसरं वावर तुमचं. तुमची लेक रेणू लातूरला असते, आणि तुम्ही तर आता नाहीच. म्हणजे तुमच्या केळीला पाणी पाजायचं की वाळवायची, ते एका कावळ्यानं ठरवलं.

घरी आल्यापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. जो तो येतो आणि म्हणतो, लई चांगली होती, गरीब गाय होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी चहा देते आणि कप गोळा करते. कोण गरीब गाय? तुम्ही? तुम्ही सगळ्यांच्या अध्यात होता आणि मध्यात होता. एखादी गोष्ट धरली की सुटायची नाही तुमच्याकडून. माझ्याशी तर तीस वर्षं भांडलात. त्यातलं एक भांडण अजून मिटलं नाही, आणि ते अर्धवट टाकून जायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? म्हणून हे लिहायला बसले. ऐका आता. मध्ये बोलायची सोय तुम्ही ठेवली नाही, तर निदान ऐका.

तुम्ही लातूरकडच्या, मुरुडच्या. मी लोह्याची. मी लग्न होऊन अर्धापूरला आले तेव्हा तुम्ही हायस्कूलात गणित शिकवत होता, आणि घरात तुमचा दरारा असा की बापूसुद्धा बिडी विझवून ओसरीवर चढायचे. नव्या नवरीच्या हौसेनं मी अंगणात सडा टाकत होते. तुम्ही दारातून बघत होता. म्हणालात, "द्वारके, अर्ध्या बादलीत अंगण भिजतं. बाकीची अर्धी कुणासाठी ओतलीस?"

मला असा राग आला! मी म्हणाले, "अक्का, हे अर्धापूर हाय. हितं केळी पिकती. तुमच्या मुरुडात पाणी मोजून पीत असतील."

"हाव," तुम्ही म्हणालात, "मोजूनच पितो. म्हणून कुणाला कमी आलं ते आम्हाला कळतं."

मला वाटलं, जाऊ कसली, सासूच आहे ही. पुढं आयुष्यभर आपण हेच भांडण वेगवेगळ्या भांड्यांवरून भांडलो.

विहीर मामंजींच्या काळची. त्यांच्या मागं तिघा भावांत जमीन वाटली गेली, विहीर काही वाटता येईना, म्हणून पाण्याची पाळी लागली. लाइट दिवसाला जेवढे तास असेल तेवढ्या तासांचे तीन सारखे भाग. ज्याची पाळी त्यानं हौदावरचा आपला वाल उघडायचा. तुमचे मालक सगळ्यांत मोठे, म्हणून पहिली पाळी तुमची. ते अवचित गेले, रेणू तेव्हा परकरात होती. बापू सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी सकाळी शाळेत असत्यात. त्यांना दुपारची शेवटची पाळी देऊ. शाळा सुटल्यावर निवांत पाणी घेत्याल." काय समजूतदार माणूस, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. तुम्हीही मान हलवलीत. पहिली पाळी बापूंकडं गेली, मधली आमची आणि शेवटची तुमची.

घड्याळात वाटे सारखे होते हो. पण पाणी? विहीर रात्रभर पाझरून सकाळी वर आलेली असते, तेव्हा पाइप गच्च भरून हौदात पडतो, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. दोघांच्या पाळ्या उरकेपर्यंत पाणी खोल जातं. मोटरला खालून ओढून आणावं लागतं आणि धार बारीक होत जाते. मोटर तीच, तास तेवढेच, पण तुमच्या वाट्याला विहिरीचा तळ. मी तिला तळाची पाळी म्हणायचे. त्या उन्हाळ्यात तुमच्या केळीची पानं कडेनं करपली तेव्हा बापू गावभर सांगत फिरले की वहिनीचं बागेकडं लक्ष नाही. लक्ष नाही म्हणे!

तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. रविवार होता. सकाळीच माझ्या दारात येऊन उभ्या राहिलात. "द्वारके, चल. गोठ्याजवळचा ड्रम घ्यायचा हाय."

तो जुना लोखंडी ड्रम, दोनशे लिटरचा, डिझेलचा. आत बघितलं तर गंज आणि शेवाळ. आपण दोघींनी तो ढकलत ढकलत विहिरीवर नेला. असा जड, असा जड की मी त्या लोखंडाच्या खानदानाचा उद्धार केला आणि तुम्ही मास्तरीण असून मला अडवलं नाहीत. हौदात पाइपाखाली तो उभा केला. तुम्ही मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलंत आणि ओरडलात, "सोड!" मी पाइप ड्रमात वळवला. ड्रम काठोकाठ भरला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चाळीस." मग तो कलंडवून रिकामा करायचा. कलंडवताना दोघीही नखशिखांत भिजलो. माझी चप्पल हौदात वाहून गेली आणि तुम्ही हसायला लागलात. तुम्हाला तसं हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं.

दुपारी तुमच्या पाळीत पुन्हा तोच ड्रम, तोच पाइप. मी वाट बघून कंटाळले. भरला तेव्हा तुम्ही म्हणालात, "ऐंशी."

"म्हंजे काय झालं?"

"दोनशे भागिले चाळीस. सकाळी सेकंदाला पाच लिटर. दोनशे भागिले ऐंशी. आता सेकंदाला अडीच. कळलं?"

"पोरांना शिकवल्यावानी नका सांगू मला. निम्मं पाणी येऊन राहिलं, एवढंच ना?"

"एवढंच," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. समजूतदारपणाच्या नावाखाली आपल्याला काय दिलं गेलं होतं, ते त्या ड्रमानं तुम्हाला दाखवलं होतं.

बापूंनी काय कमी त्रास दिला? परत मोजायला लावलं, दुसऱ्या माणसाच्या हातात घड्याळ दिलं, मोटर बंद करून चालू केली. ड्रम ऐकेना. शेवटी ठरलं की वाटे तासांचे करायचे नाहीत, ड्रमांचे करायचे. सकाळी धार जाड असते, तिला वेळ कमी. दुपारी धार बारीक, तिला वेळ जास्त. ड्रम मात्र तिन्ही वावरांना सारखे. आमची मधली पाळीही थोडी आखडली, तेव्हा आमचे मालक घरी येऊन मला म्हणाले, "तू नेमकी कुणाच्या बाजूची हाईस गं?" मी म्हणाले, "ड्रमच्या." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मला तेवढीच विश्रांती मिळाली.

पुढच्या वर्षी तुमची बाग अशी काळीभोर झाली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

आणि तिथूनच आपलं ते न मिटलेलं भांडण सुरू झालं. आठवतं ना? तुम्ही रिटायर झाल्यावर दुपारी हौदाच्या कठड्यावर बसून आपण भाकरी खायचो. तुमच्या पाळीची ती बारीक धार समोर पडत असायची. मला ते बघवायचं नाही. मी म्हणायचे, "अक्का, कशाला ही मोजामोजीची उठाठेव? पाळी फिरवा की सरळ. ह्या आठवड्याला पहिली तुमची, पुढच्या आठवड्याला आमची, मग बापूंची. झालं. ना ड्रम, ना घड्याळ."

"आन तुझ्या पहिल्या पाळीलाच लाइट गेली तर?"

"तर माझं नशीब."

"नशीब वाटायला मी कशाला पाह्यजे? मला पाणी वाटायचं हाय."

मी काय ऐकते होय! मी म्हणायचे, "लिटर सारखे झाले म्हणून मनात सारखं होत न्हाई. तुम्ही घरात सगळ्यांत थोरल्या. तुम्ही जन्मभर उतरती धारच बघायची का? सकाळची पहिली गच्च धार तुमच्या वावरात पडलेली बघावं असं वाटत न्हाई तुम्हाला?"

ह्यावर तुम्ही चटणीत भाकरीचा तुकडा बुडवत बसायचा. मग म्हणायचा, "मनाचं माप माझ्याकडं न्हाई, द्वारके. ज्याचं माप हाय तेवढंच मी मागते." आणि विषय बंद. मी चिडून पाणी प्यायला उठायचे. परत आले की तुमच्या वाटणीची चटणी माझ्या भाकरीवर ठेवलेली असायची. पण हार मानायचा नाहीत.

खरं सांगू? तुमचंच बरोबर होतं असं मला अजून वाटत नाही. माझंही बरोबर होतं. तुमच्या तोंडून तेवढं एकदा ऐकायचं होतं मला.

मग ह्या संक्रांतीला तो घोळ झाला. सगळे जमलो होतो. तुम्हाला तेव्हाच दम लागायला लागला होता, भिंतीला टेकून बसला होता. बोलता बोलता जुन्या ड्रमाचा विषय निघाला आणि आमचे मालक मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे, त्या ड्रमाचं बूड गंजून गेलं होतं. मीच न्हाई का त्यात सिमेंट ओतलं व्हतं! चांगलं वीतभर."

इतकी वर्षं आठवलं नाही, आणि आठवलं ते कधी आणि कुणासमोर! मी डोळे वटारले, पण बंदुकीतली गोळी सुटली होती. बापूंचा चेहरा उजळला. "म्हंजे दोनशेचा न्हाईच तो! ड्रमच खोटा! वहिनी, इतकी वर्सं खोट्या मापानं पाणी नेलं व्हय तुम्ही? सेकंदाला पाच लिटर म्हणं!"

तुम्ही हसलात. खोकला येईपर्यंत हसलात. "मग?" म्हणालात. "काय फरक पडला?"

"काय फरक पडला? मापच खोटं, तर हिशेब खरा कसा?"

तुम्ही काहीतरी सांगायला तोंड उघडलंत, पण खोकल्यानं बोलू दिलं नाही. पाणी प्यायलात, माझ्याकडं बघून म्हणालात, "द्वारके, तुला सांगते सावकाश." आणि दुसऱ्या दिवसापासून बापूंनी विहिरीवर तासांची पाळी परत चालू केली. तुमची बाग पुन्हा तळाच्या पाळीला लागली. मी ह्यांच्याशी भांडले, बापूंच्या बायकोशी, सुशीलाबाईंशी बोलून बघितलं, पण मला उत्तरच देता येईना. ड्रम खोटा होता हे तर खरंच होतं ना? सिमेंट काढून दाखवणार कुणाला? माझ्या डोक्यात तो गुंता तसाच राहिला.

त्यानंतर नांदेडचा दवाखाना. तिथंही तुम्ही काय स्वस्थ पडून राहिला होय? सलाइन लावलेली, हाताला सूज, आणि नजर त्या थेंबांवर. मला म्हणालात, "मिनिटभरात किती पडतात मोज."

मी मोजले. "चाळीस."

"वीस थेंबांचा एक मिलिलिटर. म्हंजे मिनिटाला दोन. पाचशेची बाटली हाय. चार तासांच्या वर जाती. आन ती सिस्टर म्हणली जेवणाच्या आत संपंल!"

सिस्टर आली तेव्हा तुम्ही तिला हे सगळं ऐकवलंत. ती पोरगी हसली, म्हणाली, "बरोबर आहे आजी तुमचं, आता झोपा." तुम्ही डोळे मिटले आणि एका डोळ्यानं परत बघायला लागलात. मला हसू आलं. शरीरात जाणाऱ्या पाण्याचा हिशेब तुम्हाला चोख येत होता. किती दिवस उरले तेवढं मात्र कुणालाच मोजता येत नव्हतं.

"बाग कशी हाय?" तुम्ही विचारलंत.

तुमच्याशी गोड बोलून काय उपयोग? मी सांगितलं, "कडेनं करपली. तासांची पाळी हाय ना आता."

तुम्ही नजर थेंबांवरून काढून माझ्याकडं वळवलीत. मग म्हणालात, "तुला ड्रमचं सांगायचं राहिलं."

दम लागत होता तुम्हाला. मी म्हणाले, "असू द्या. घरी गेल्यावर सांगा."

"हाव. घरी गेल्यावर."

आपलं शेवटचं बोलणं ते. लोकांना शेवटी देवाचं नाव आठवतं म्हणतात. तुम्हाला सिमेंट ओतलेला ड्रम आठवला, आणि तुम्हाला समाधानानं गेली म्हणणाऱ्यांना मी काय म्हणू?

परवा तेरावा झाला. रेणू आदल्या दिवशीच लातूरहून परत आली होती, रडून रडून आवाज बसलेला. ओसरीवर भाऊबंद, पाहुणे, मध्ये बापू. आत मी आणि सुशीलाबाई स्वयंपाकाला. भाताचं मोठं पातेलं चुलीवर ठेवायचं होतं. मी तांदूळ मोजायला तांब्या घेतला. तो आपला पितळी, पोचा पडलेला, रेणूनं लहानपणी जिन्यावरून सोडला होता तोच. एक तांब्या तांदूळ, दोन तांबे पाणी. असं मोजत चालले होते. बाहेरून बापूंचा आवाज आला, "ड्रमच खोटा व्हता, मग वहिनीचा सगळा हिशेबच खोटा. आता रेणू बी हितं न्हाई. सरळ दोन वाटे करू आन मोकळे होऊ."

माझा हात तसाच थांबला, अक्का. तांब्याकडं बघत राहिले. हा तांब्या पोचा पडलेला. ह्यात पूर्वीइतकं पाणी मावत नाही. किती लिटरचा आहे कुणाला ठाऊक? पण ह्यानं मोजलेला भात कधी बिघडला? कसा बिघडणार? तांदूळही ह्यानंच मोजतो, पाणीही ह्यानंच. एकाला दोन. तांब्या लहान असो, मोठा असो, पोचलेला असो, एकाला दोन ते एकाला दोनच.

मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. सुशीलाबाईंना वाटलं भाजलं. तुम्ही सावकाश सांगणार होता ते हेच ना? एवढंच होतं ना हो? आणि एवढ्यासाठी ती बाग तीन महिने करपली.

मोठ्या दिरासमोर मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. बोलायचा तुम्ही, मी मागं उभी राहायची. आता मागं उभं राहायला पुढं कुणी नव्हतं. पदर डोक्यावर घेतला, तांब्या घेतला आणि तशीच ओल्या हातांनी ओसरीवर गेले.

"बापू, हा तांब्या किती लिटरचा हाय?"

ते दचकले. "मला काय म्हाईत? आन आत्ता मधीच काय काढलंस?"

"मलाबी न्हाई म्हाईत. पोचा पडलाय. खोटा तांब्या हाय. ह्या खोट्या तांब्यानं इतकी वर्सं ह्या घरात भात होतोय. तुम्ही खाल्लाय का न्हाई?"

"भाताचं आन पाण्याचं एकच हाय व्हय?"

"एकच हाय. ड्रमात सिमेंट व्हतं, कबूल. मग सकाळी तुमच्या पाळीत सिमेंट न्हवतं का? का तुमच्यासाठी दुसरा ड्रम आणला व्हता? त्याच ड्रमानं तुम्हाला मोजलं, त्याच ड्रमानं अक्काला मोजलं. तुमच्याकडं भराभर भरला, तिच्याकडं दुप्पट येळ लागला. ड्रम दोनशेचा असू द्या न्हाईतर दीडशेचा, निम्मं ते निम्मंच!"

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं. बापू लालबुंद झाले. आमचे मालक म्हणाले, "द्वारका, आत जा."

"तुम्ही तर बोलूच नका. सिमेंट तुमचंच हाय."

आता सगळेच हसले. रेणू दारात येऊन उभी राहिली होती. बसलेल्या आवाजात म्हणाली, "काकू, लातूरला क्लासमध्ये मी पोरांना हेच शिकवते. गुणोत्तर."

"तू गुणोत्तर म्हण बाई, मी भात म्हणते."

बापूंनी मग शेवटचं बाहेर काढलं. "कावळा लगीच शिवला ते सगळ्यांनी बघितलं. वहिनीची काय इच्छा न्हवती."

"कावळ्याला भूक लागली व्हती, बापू! त्याला विहिरीचं काय कळतं? त्याच्या भरवशावर माझ्या जावेचं पाणी तोडता? रेणू लातूरला असली म्हणून काय झालं? बाग मी बघते. ज्याला दोन वाटे करायचे असतील त्यानं उद्या विहिरीवर यावं, ड्रम हायच तिथं. मोजून दाखवा."

शेवटी आमचे मालकच खाली बघत म्हणाले, "तांब्याचं खरं हाय तिचं, दादा." सुशीलाबाई दारामागून हळूच म्हणाल्या, "खरंच हाय." बापूंनी गमछा झटकला. बराच वेळ झटकत बसले. मग म्हणाले, "ठीक हाय. ड्रमनंच करा."

तिथं थांबायला पाहिजे होतं मी. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "आन पाळीबी फिरवायची. ड्रम सगळ्यांना सारखे, आन पहिली धार आठवड्या आठवड्यानं सगळ्यांना. ह्या आठवड्याला पहिली अक्काच्या केळीला."

बापूंनी मान वर केली. आणि काय बोलले माहीत आहे? म्हणाले, "वहिनी असती तर न्हाई म्हणली असती. फिरवाफिरवी तिला पसंत न्हवती."

खरं होतं ते. त्या अख्ख्या दिवसात तुमच्याबद्दल कुणी खरं बोललं असेल तर ते बापू. तुमची बाजू घेऊन उभे होते आणि मी तुमच्या विरुद्ध!

मी म्हणाले, "हाव, म्हणली असती. बोलवा तिला. म्हणू द्या."

बापूंनी गमछा डोळ्यांना लावला. मी तांब्या घेऊन आत आले आणि पातेल्यात पाणी ओतलं. किती ओतलं ते मला दिसत नव्हतं. भात आसट झाला, सगळ्यांनी गुमान खाल्ला.

आज सकाळी लाइट आली आणि मी तुमचा वाल उघडला. पहिली धार, गच्च भरून, कान बधिर करणारी. तुमच्या केळीत शिरली तेव्हा माती अशी चुरचुरली. आमचे मालक छन्नी-हातोडा घेऊन आले होते, म्हणाले, "ड्रमातलं सिमेंट फोडून काढतो, कटकट मिटंल." मी म्हणाले, हात लावायचा नाही. वीतभर सिमेंटासकट तो ड्रम तिथंच राहील. मी घड्याळ धरलं, रेणूनं पाइप वळवला, आणि मी तुमच्यासारखंच ओरडले, "सोड!" रेणू भिजली आणि हसली. हुबेहूब तुम्ही.

पण अक्का, मला राग आलाय. लई राग आलाय. हे भांडण मी इतकी वर्षं भांडले, आणि जिंकले ते तुम्ही नाही म्हणून जिंकले. समोर कुणी नसताना जिंकण्यात काय अर्थ आहे? सकाळची धार तुमच्या वावरात पडत होती आणि मी कठड्यावर एकटी बसून बघत होते. "मनाचं माप माझ्याकडं न्हाई" असं म्हणायला कुणी नव्हतं. पाणी बांधापर्यंत पोचलं, शेवटच्या खुंटापर्यंत.

तर पाळी फिरवली आहे. तुम्हाला विचारलं नाही. तुम्हाला पटणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. पटत नसेल तर या. भांडायला या. मी हौदावर बसले आहे, आणि भाकरी दोघींची बांधून आणली आहे.